उंच पीक म्हणजे चांगलं पीक का? भाताच्या आखूड खोडामागचं जनुक



उच्च प्राथमिकच्या विज्ञानात खोडाचे भाग येतात, पेर आणि कांडे. पुढे माध्यमिकला मेंडेलचा उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा येतो. या दोन पाठांच्या मधली एक गोष्ट मात्र आपल्याकडून बहुतेक वेळा राहून जाते. झाडाची उंची नेमकी ठरते कशी? आणि ती कमी झाली तर कोणाचा फायदा होतो, कोणाचं नुकसान होतं? आजच्या लेखात हेच पाहू. उदाहरण घेतलंय भाताचं, कारण उंचीच्या जनुकाचा सगळ्यात सखोल अभ्यास ज्या पिकांत झाला त्यात भात पुढे आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात भात फारसा होत नाही, तो दुकानातून किंवा रेशनवरून येतो. म्हणून जिथे जमेल तिथे ज्वारी, गहू आणि कपाशीचा दाखला देत जाऊ. मुलांना हाताशी असलेलं पीक दाखवलं की पटकन समजतं.

सुरुवात एका प्रश्नाने करा

वर्गात विचारा, "कोणतं पीक चांगलं? उंच की बुटकं?" पाचवी-सहावीची बहुतेक मुलं "उंच" म्हणतील. मग दुसरा प्रश्न टाका, "सोयाबीन छातीला लागलं तर बाबा खूश होतात का?" आता शेतकऱ्याची मुलं गालात हसतात. त्यांना माहीत असतं की घरी अशा वेळी "सोयाबीन माजलं" असं म्हणतात. माजलं म्हणजे नुसता पाला आणि खोड वाढलं, शेंगा कमी धरल्या. कपाशीचंही तेच. फार उंच गेली की कृषी केंद्रातून वाढ रोखणारं औषध आणून फवारतात.

म्हणजे या पाठाचा गाभा आपल्या मुलांना घरूनच माहीत असतो. झाड जेवढं अन्न तयार करतं त्याची वाटणी होते. काही खोडाला जातं, काही पानाला, काही दाण्याला. खोडाने जास्त घेतलं तर दाण्याला कमी उरतं. ही वाटणी ठरवण्यात जनुकांचा मोठा हात असतो.

खोड वाढतं कुठून?

गवताच्या कुळातली पिकं, म्हणजे भात, ज्वारी, गहू, मका, ऊस, यांच्या खोडावर ठरावीक अंतराने गाठी असतात. त्या गाठीला पेर म्हणतात आणि दोन पेरांमधल्या भागाला कांडे. ऊस खाताना मुलं कांडी मोडतात, तेव्हा हे त्यांच्या हातातच असतं.

आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. या पिकांचं खोड फक्त शेंड्यातून वाढत नाही. प्रत्येक कांड्याच्या तळाशी, पेराच्या जरा वर, कोवळ्या पेशींचा एक पट्टा असतो. तिथे पेशींचं विभाजन होतं, मग त्या पेशी लांब होतात आणि कांडं वर सरकतं. बुटक्या आणि उंच झाडांत पेरांची संख्या बहुधा सारखीच असते, फरक असतो कांड्यांच्या लांबीत. दुर्बीण मिटलेली असो वा ओढून लांब केलेली असो, तिच्या नळ्या तेवढ्याच असतात. तसंच हे.

दुसरी गोष्ट. भाताचं किंवा ज्वारीचं लहान रोप गुडघ्याएवढं झालं तरी त्यात खरं खोड जेमतेम असतं. आपल्याला जे खोडासारखं दिसतं ते एकात एक गुंडाळलेल्या पानांचे तळ असतात. खरं खोड भराभर लांबतं ते पीक पोटरीला येण्याच्या सुमारास. तोपर्यंत कांड्यांना जणू "थांबा" असा आदेश असतो. हा आदेश देतं कोण आणि उठवतं कोण?

२०२० मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी भातात यासाठीची दोन जनुकं शोधून काढली. एक जनुक कांड्याच्या तळच्या पेशींना विभाजनाची मुभा देतं. दुसरं जनुक त्यांना आवरून धरतं. एकाला ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याला ब्रेक समजा. त्यांची नावंही त्याच अर्थाची ठेवली आहेत. पण नुसती मुभा मिळून भागत नाही, वाढायला एक संप्रेरकही लागतं. त्याचं नाव जिबरेलिन.

वेड्या रोपांची गोष्ट

जिबरेलिनचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. ही गोष्ट मुलांना फार आवडते, जरूर सांगा.

जपानी शेतकऱ्यांना भाताच्या रोपवाटिकेत काही रोपं अचानक उंच, फिकट आणि लुकडी झालेली दिसायची. बाकीच्या रोपांपेक्षा ती डोकं वर काढून उभी राहायची, पण त्यांना दाणे भरायचे नाहीत आणि बरीचशी मरून जायची. शेतकऱ्यांनी त्या रोगाला नाव दिलं होतं "बकानाए", म्हणजे वेडं रोप. हा रोग एका बुरशीमुळे होतो हे माहीत होतं. १९२६ मध्ये तैवानात काम करणाऱ्या कुरोसावा या शास्त्रज्ञाने ती बुरशी द्रवात वाढवली, द्रव गाळून बुरशी काढून टाकली आणि नुसता द्रव निरोगी रोपांना दिला. रोपं तशीच ताडमाड वाढली. म्हणजे उंची वाढवत होता तो बुरशीने सोडलेला एक पदार्थ. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन हे नाव दिलं.

पुढे कळलं की हा पदार्थ वनस्पती स्वतःही तयार करतात, फक्त मोजून-मापून. बुरशी तो बेसुमार ओतत होती, म्हणून रोप वेडं व्हायचं.

आपल्या राज्यात हे संप्रेरक रोज वापरात आहे. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार घड लांब आणि मणी मोठे व्हावेत म्हणून जिबरेलिक ॲसिड वापरतात. आणि आपल्याकडे कपाशीवर वाढ रोखायला जे क्लोरमेक्वाट क्लोराईड किंवा मेपिक्वाट क्लोराईड फवारतात, ते झाडात जिबरेलिन तयार होण्याच्या कामात अडथळा आणतं. द्राक्षवाला जे वरून देतो, तेच कपाशीवाला आतून अडवतो.

गाळलेली ३८३ अक्षरं

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. फवारणी एका हंगामापुरती असते. पण बियाण्यातच जर जिबरेलिन कमी तयार होण्याची सोय असेल तर?

तैवानात भाताचा एक जुना वाण होता, डी-जिओ-वू-जेन. या नावाचा अर्थच "आखूड पायांचा, काळसर टोकाचा" असा आहे. हा वाण बुटका होता. का बुटका, ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. कधीतरी निसर्गात आपोआप झालेला बदल कोणा शेतकऱ्याच्या नजरेत भरला आणि त्याने ते बी राखलं, एवढंच आपण म्हणू शकतो.

अशा नजरेचं मोल आपल्या विदर्भाला वेगळं सांगायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढून वर्षानुवर्षं वाढवल्या आणि त्यातून एचएमटी हा बारीक तांदळाचा वाण उभा राहिला. तिथे वेगळेपण दाण्याचं होतं, तैवानच्या वाणात ते खोडाचं होतं. वेगळं रोप दिसल्यावर ते उपटून न टाकता जपणारा माणूस मात्र दोन्हीकडे लागला.

१९६२ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत या बुटक्या वाणाचा "पेटा" नावाच्या उंच वाणाशी संकर केला गेला. पहिल्या पिढीतली सगळी झाडं उंच निघाली. दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक झाड बुटकं निघालं. मेंडेलच्या वाटाण्यात दिसतं तेच तीनास एक प्रमाण! शास्त्रज्ञांनी ओळखलं की हा बुटकेपणा एकाच अप्रभावी जनुकाचा खेळ आहे. आई आणि बाप दोघांकडूनही ते आलं तरच झाड बुटकं होतं. या संकरातून निवडलेला वाण १९६६ मध्ये "आयआर-८" नावाने शेतकऱ्यांपुढे आला.

नेमकं जनुक हाती लागायला २००२ साल उजाडलं. भाताला १२ गुणसूत्रांच्या जोड्या असतात. त्यातल्या पहिल्या गुणसूत्रावर हे जनुक आहे, त्याचं नाव एसडी-१. हे जनुक एक विकर तयार करतं आणि ते विकर जिबरेलिन बनवण्याच्या शेवटच्या काही पायऱ्यांपैकी एका पायरीवर काम करतं. डी-जिओ-वू-जेनमध्ये या जनुकातली ३८३ अक्षरं गळालेली सापडली. भाताच्या संपूर्ण जनुकसंचात सुमारे ३९ कोटी अक्षरं आहेत. त्यातली अवघी ३८३ गेली आणि झाडाची उंची बदलली.

ही अक्षरं गळाल्याने नेमकं काय होतं, ते फळ्यावर असं दाखवता येईल. पेशी डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचते. तीन अक्षरी शब्दांचं एक वाक्य लिहा:

रमण सहज शहर बघत

आता त्यातलं फक्त "म" पुसा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरांचे गट पाडा:

रणस हजश हरब घत

एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं वाक्य निरर्थक झालं. भाताच्या या जनुकातही अक्षरं गळाल्यामुळे पुढची वाचणी बिघडते आणि कामाचं विकर तयार होत नाही.

इथे चुणचुणीत मूल हमखास विचारेल, "सर, मग झाड मरत कसं नाही? त्याला दाणे कसे भरतात?" प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असं की भातात याच कामाचं विकर बनवणारी आणखीही जनुकं आहेत. एसडी-१ चा जोर मुख्यतः खोडात आणि पानात असतो. फुलोऱ्यात दुसरं जुळं जनुक काम सांभाळतं. म्हणून खोड आखूड राहतं, पण फुलं नीट येतात आणि दाणा भरतो.

आखूड खोडाने काय दिलं

जुने उंच भात साधारण दीड मीटर किंवा त्याहून उंच व्हायचे. त्यांना युरियासारखं नत्रखत जास्त दिलं की ते आणखी लांबायचे, खोड नाजूक व्हायचं आणि दाणा भरायच्या वेळी वाऱ्या-पावसात सगळं पीक लोळायचं. आडवा पडलेला भात कुजतो, त्याला पाण्यातच कोंब फुटतात, कापणी अवघड होते. म्हणजे खत घालावं तर पीक लोळतं आणि न घालावं तर उत्पन्न वाढत नाही, असा पेच होता.

आयआर-८ ची उंची सुमारे एक मीटर होती. खोड आखूड आणि ताठ. खत दिलं तरी उभं राहायचं. वाटणीतही फरक पडला. जुन्या उंच भाताच्या वाळलेल्या १०० किलो झाडात साधारण ३० किलो दाणे निघायचे, बुटक्या भातात ते ५० किलोच्या आसपास गेले. झाडाचा भार तेवढाच, पण पेंढ्यातला वाटा दाण्याकडे वळला.

भारतात आयआर-८ आला आणि लवकरच, १९६८ मध्ये, हैदराबादच्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पातून "जया" हा वाण निघाला. तैवानचाच एक बुटका वाण आणि ओडिशाचा एक वाण यांच्या संकरातून तो झाला होता, म्हणजे त्याच्यातही तेच गाळलेल्या अक्षरांचं जनुक होतं. कोकणातल्या आणि भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव चांगलं माहीत आहे. ज्या काळात देश बाहेरून येणाऱ्या धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसायचा, त्या काळात या आखूड खोडाने किती ताटांत भात वाढला, याचा अंदाज मुलांनीच बांधावा.

मग गेलं काय?

इथे आपण थांबलो तर धडा अर्धाच राहील. खोड आखूड झालं म्हणजे पेंढाही कमी झाला. पूर्व विदर्भात धानाच्या तणसावर गुरं जगतात, घरं शाकारली जातात. शिवाय आयआर-८ चा दाणा जाड होता, भात खायला फारसा चवदार नव्हता, कीड-रोगही लवकर पडायचे, आणि पूर्ण उत्पन्न मिळवायला खत आणि पाणी दोन्ही हाताशी असावं लागायचं. ज्याच्याकडे ते नव्हतं त्याला फायदा कमी झाला.

आपल्या जिल्ह्यातल्या पालकांना हीच गोष्ट ज्वारीच्या रूपाने ओळखीची आहे. १९६४ मध्ये "सीएसएच-१" ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. शेजारच्या जालन्यात त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी बियाणे कंपनी सुरू केली आणि संकरित बी गावोगाव पोचण्याचा काळ सुरू झाला. ही हायब्रीड ज्वारी देशी ज्वारीपेक्षा बरीच बुटकी. कणीस भरघोस, पण धांडा आखूड.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ज्वारीला दोन पदर असतात. दाणा माणसाला आणि कडबा गुरा-ढोरांना. कडब्याच्या पेंढ्या कमी झाल्या की उन्हाळ्यात बैलजोडीची वैरण विकत घ्यावी लागते. म्हणून "हायब्रीडचे पोते जास्त, पण कडब्याचं काय?" हा प्रश्न घराघरात होता, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नव्हता. शास्त्रज्ञांच्या हिशेबात फक्त दाणा होता, शेतकऱ्याच्या हिशेबात दाणा अधिक कडबा. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली "मालदांडी ३५-१" ही उंच रब्बी ज्वारी इतकी वर्षं टिकून राहिली, त्यात भाकरीच्या चवीइतकाच तिच्या कडब्याचा वाटा आहे. पुढे संशोधकांनीही धान्य आणि कडबा दोन्ही देणाऱ्या वाणांकडे लक्ष दिलं.

बुटकेपणा एक, कारणं अनेक

सगळी बुटकी पिकं एकाच कारणाने बुटकी नसतात. हा भाग मोठ्या वर्गासाठी चांगला आहे.

१) भात: जिबरेलिन बनवणारं विकर बिघडलेलं. वरून जिबरेलिन दिलं तर झाड उंच होतं.

२) मेंडेलचा बुटका वाटाणा: इथेही जिबरेलिन बनवण्यातलंच, पण पुढच्या पायरीवरचं विकर अधू. मेंडेलने १८६६ मध्ये निष्कर्ष छापले. हे जनुक नेमकं कोणतं ते १९९७ मध्ये कळलं.

३) गहू: जपानच्या "नोरिन-१०" या वाणातून आलेली जनुकं. इथे जिबरेलिन तयार होतं, पण झाड त्याचं ऐकत नाही. वाढीला आवरून धरणारं एक प्रथिन जिबरेलिन आलं तरी हलत नाही. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी हा गुण वापरला आणि तिथून तो आपल्या गव्हात आला.

४) ज्वारी: हिच्या बुटकेपणाची मुख्य चार जनुकं सांगितली जातात. त्यातलं एक जिबरेलिनचं नसून ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकाचं आहे. शेंड्याकडून खाली जाणारं ऑक्सिन पुढे नेणारं प्रथिन बिघडतं आणि खालची कांडी आखूड राहतात.

ज्वारीच्या या जनुकाची एक गंमत बीजोत्पादन करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना सांगण्यासारखी आहे. त्यात अक्षरं गळालेली नाहीत, उलट ८८२ अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेला आहे. कधीकधी बीज तयार होताना हा जादा तुकडा आपोआप निघून जातो, जनुक दुरुस्त होतं आणि बुटक्या रानात एखादं ताट एकदम उंच निघतं. रानात उंच ताट दिसलं म्हणजे प्रत्येक वेळी बियाण्यात भेसळच असते असं नाही.

तेच जनुक, पण पुरात

आता गोष्टीचं दुसरं टोक. बांगलादेशात आणि आसपासच्या सखल भागात पावसाळ्यात शेतात कित्येक हात पाणी चढतं आणि महिनोन् महिने राहतं. तिथे मीटरभराचा आयआर-८ लावला तर तो बुडून मरेल. तिथे पिढ्यान् पिढ्या तरंगता भात लावतात. पाणी चढेल तसा तो लांबतो, दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत! शाळेतली पट्टी ३० सेंटिमीटरची असते, ती मुलांसमोर धरा म्हणजे वेग कळेल.

पाण्यात बुडालं की झाडात इथिलीन नावाचा वायू साठतो. तोच झाडाला "पाणी आलं" ही खबर देतो. त्यातून काही जनुकं जागी होतात. २००९ मध्ये सापडलेल्या अशा दोन जनुकांना "स्नॉर्कल" असं नाव दिलं. पाणबुड्याच्या तोंडातली हवेची नळी म्हणजे स्नॉर्कल. आणि २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. या तरंगत्या भाताला झपाट्याने वाढवण्यात मोठा हात एसडी-१ चाच आहे! आयआर-८ मध्ये जे जनुक बिघडलेलं आहे, तेच तरंगत्या भातात वेगळ्या रूपात आहे. बुडाल्यावर ते जोरात काम करतं आणि भरपूर जिबरेलिन तयार होतं.

याच्या उलट वागणारा भातही आहे. अचानक पूर आला आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरला, तर लांबण्यात ताकद घालवण्यापेक्षा गप्प बसणं बरं. २००६ मध्ये सापडलेलं सब-१ए हे जनुक हेच करतं. ते वाढ थांबवतं, साठा राखून ठेवतं आणि पाणी ओसरल्यावर झाड पुन्हा उभं राहतं. हे जनुक असलेला "स्वर्णा सब-१" हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला.

आता मुलांना विचारा, एसडी-१ जनुक चालू असणं चांगलं की बंद असणं? एकच उत्तर नाही. बांधबंदिस्तीच्या, खत-पाण्याच्या शेतात बंद असलेलं बरं. महापुराच्या शेतात चालू असलेलंच जीव वाचवतं. कडब्यावर बैल पोसणाऱ्याच्या रानात पुन्हा हिशेब वेगळा. म्हणून "चांगलं जनुक" किंवा "वाईट जनुक" असं सांगण्याऐवजी "कुठल्या रानात, कोणासाठी?" हा प्रश्न विचारायची सवय मुलांना लावली पाहिजे. माझ्या मते या पाठातून मुलांनी एवढं घेतलं तरी पुष्कळ आहे.

वर्गात आणि घरी करून पाहण्यासारखं

१) खोड शोधा: साधारण तीन आठवड्यांचं ज्वारीचं किंवा मक्याचं एक रोप मुळासकट उपटा. बाहेरून एकेक पान सोलत जा. शेवटी खरं खोड किती उरतं ते पट्टीने मोजा. मुलं आश्चर्याने बघत राहतात.

२) कांडी मोजा: ऊस किंवा पिकलेलं ज्वारीचं ताट घ्या. खालून वर प्रत्येक कांड्याची लांबी मोजून वहीत लिहा आणि स्तंभालेख काढा. शक्य असेल तर उंच देशी ज्वारी आणि बुटकी हायब्रीड, दोन्हींची पेरं मोजा. पेरांच्या संख्येत फरक आहे की कांड्यांच्या लांबीत?

३) वाटणी मोजा: सोंगणीनंतर एक वाळलेलं ताट घ्या. दाणे वेगळे, बाकी सगळं वेगळं. दुकानातल्या काट्यावर वजन करा. दाण्यांचं शेकडा प्रमाण काढा. गणिताचा तासही यातच होऊन जातो.

४) अंधारातली रोपं: दोन डब्यांत सारखेच गव्हाचे दाणे पेरा. एक डबा उजेडात, दुसरा कपाटात. आठ दिवसांनी पाहा. अंधारातली रोपं उंच, पण पिवळी आणि लेचीपेची होतात. जनुकं तीच, बी तेच, तरी उंची वेगळी. म्हणजे जनुकाबरोबर परिस्थितीही उंची ठरवते.

एक सूचना: वाढ रोखणारी किंवा वाढवणारी कोणतीही फवारणीची औषधं प्रयोगासाठी मुलांच्या हाती देऊ नका. वरच्या चार कृतींना पट्टी, काटा आणि मातीच पुरते.

पालकांसाठी दोन शब्द

हा पाठ घेतला की मुलं घरी येऊन हमखास विचारतात, "माझ्यात उंचीचं जनुक आहे का?" भातासारखं एकच जनुक माणसाची उंची ठरवत नाही. माणसाच्या उंचीशी जोडलेली हजारो ठिकाणं डीएनएमध्ये सापडली आहेत, प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा. त्यात पोटभर सकस आहार, आजारपण, झोप यांचाही भाग असतो. तेव्हा "तू बाबांवर गेलास, बुटकाच राहणार" असं मुलाला बोलून दाखवू नका आणि उंची वाढवणाऱ्या पावडरींच्या जाहिरातींनाही भुलू नका. मुलाची वाढ अगदीच थांबल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

स्वाध्याय

१) खत जास्त दिल्यावर उंच भात का लोळायचा?

२) आयआर-८ च्या पहिल्या पिढीतली सगळी झाडं उंच आणि दुसऱ्या पिढीतली काही बुटकी, असं का झालं?

३) तुमच्या आजी-आजोबांना विचारा: हायब्रीड ज्वारी यायच्या आधी कडबा किती व्हायचा आणि तो कशाकशाला वापरायचे? उत्तर दहा ओळींत लिहा.

४) तुमच्या घरच्या शेतासाठी ज्वारीचा वाण निवडायचा आहे. उंच निवडाल की बुटका? कारण सांगा.

चौथ्या प्रश्नाला बरोबर-चूक अशी खूण करू नका. ज्याच्या घरी दोन बैल आणि एक म्हैस आहे तो एक उत्तर लिहील, ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो दुसरं लिहील. कारण नीट दिलं असेल तर दोघांनाही पूर्ण गुण द्या.